राखीव बँडविड्थ : स्विचच्या पोर्टवर कोण थांबणार?

विशेष प्रतिनिधी, नंदुरबार

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावाचे नाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर पोहोचले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत या गावातील ग्रामस्थांना देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बोटाचा ठसा आणि शेकडो कोस दूर असलेला संगणक यांचे नाते त्या दिवशी जडले. आज अंगठा यंत्रावर टेकविला की त्याची सांकेतिक रूपातील माहिती अनेक टप्पे ओलांडत बंगळुरू किंवा मानेसर येथील आधारच्या माहिती केंद्रापर्यंत जाते आणि 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर परत येते.

ही माहिती आकाराने अगदी लहान, काही किलोबाइटची असते. तरीही ती कधी कधी वाटेत अडकते आणि समोरच्या माणसाला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगितले जाते. या एका वाक्यात अनेक निरनिराळी कारणे झाकली जातात. पुष्कळदा सर्व्हर उत्तम चाललेला असतो. माहिती मात्र वाटेतल्या एखाद्या स्विचच्या किंवा राऊटरच्या पोर्टवर, मोठमोठ्या फायलींच्या मागे, रांगेत उभी असते. ही रांग कशी लागते, तिच्यात काहींसाठी वाटा राखून ठेवता येतो तो कसा, आणि स्विचमधील प्रगत सुविधांसाठी पोर्टची क्षमता बाजूला काढावी लागते ती का, याची माहिती या लेखात दिली आहे.

पोर्ट आणि बँडविड्थ

कार्यालयातील सर्व संगणकांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात ती पेटी म्हणजे स्विच. तिच्या दर्शनी भागावरील तार खोचण्याच्या खाचांना पोर्ट म्हणतात. तालुक्याच्या कार्यालयात साधारणपणे २४ पोर्टचा स्विच आढळतो. एका पोर्टमधून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते, ते माप म्हणजे त्या पोर्टची बँडविड्थ. हे माप बिटमध्ये सांगतात आणि ८ बिट म्हणजे १ बाइट होतो. म्हणून '१०० मेगाबिट'च्या पोर्टवरून सेकंदाला १०० मेगाबाइटची फाईल उतरेल, अशी अपेक्षा करणे चूक ठरते. प्रत्यक्षात साडेबारा मेगाबाइटच्या आतच समाधान मानावे लागते.

माहिती सलग धारेने जात नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. नेहमीच्या जाळ्यात एका पॅकेटचा आकार जास्तीत जास्त १,५०० बाइट असतो. स्विच प्रत्येक पॅकेटवरील पत्ता वाचतो आणि योग्य पोर्टवर ते रवाना करतो.

अडचण येते ती बाहेर पडण्याच्या दारावर. समजा, २४ पोर्टपैकी २३ पोर्टवर संगणक जोडले आहेत आणि चोविसाव्यावरून बाहेरच्या जगाची वाट जाते. सर्व पोर्ट १०० मेगाबिटचे धरले, तर आतून २,३०० मेगाबिटची मागणी एकाच वेळी उभी राहू शकते आणि दार मात्र १०० मेगाबिटचेच असते. सगळे एकदम बोलत नाहीत म्हणून हा संसार चालतो. ज्या क्षणी पुष्कळ जण एकदम बोलू लागतात, त्या क्षणी पॅकेटे स्विचच्या स्मृतीत रांगेने थांबतात. ती स्मृतीही भरली की पुढची पॅकेटे चक्क टाकून दिली जातात.

दोन मेगाबिटचा धडा

या प्रश्नाची तीव्रता समजण्यासाठी राज्यव्यापी जाळ्याचे उदाहरण उपयोगी आहे. राज्याची राजधानी, जिल्हा आणि तालुका यांना एका शासकीय जाळ्याने जोडण्याच्या 'स्वान' योजनेला केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये ३,३३४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी दिली. माहिती, आवाज आणि चित्र ही तिन्ही एकाच वाहिनीवरून नेण्याचा हा आराखडा होता आणि त्यात प्रत्येक दुव्याची किमान क्षमता २ मेगाबिट ठरविण्यात आली होती.

आता हिशेब पाहू. १,५०० बाइटचे एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट. २ मेगाबिटच्या वाहिनीवर ते चढविण्यास ६ मिलिसेकंद लागतात. एखाद्याने मोठी फाईल पाठविली आणि अशी १०० पॅकेटे रांगेत उभी राहिली, तर त्यांच्यामागे आलेल्या चिमुकल्या पॅकेटला ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक थांबावे लागते. दूरध्वनीवरील संभाषण सुरळीत वाटण्यासाठी आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. याचा अर्थ, एका फाईलमुळे वाहिनीवरील सर्व संभाषणे तुटक होतात. आणि एकच प्रश्नोत्तर पूर्ण होण्यास अशा अनेक फेऱ्या लागत असल्याने अंगठ्याच्या पडताळणीची मुदत संपून जाते.

१०० मेगाबिटच्या वाहिनीवर तेच पॅकेट ०.१२ मिलिसेकंदांत निघून जाते. म्हणूनच मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत ज्या रांगेची कोणी दखलही घेत नाही, तीच रांग सातपुड्याच्या कुशीतील धडगाव किंवा अक्कलकुवा यांसारख्या ठिकाणी, जिथे वाहिनी अरुंद असते तिथे, सामान्य माणसाचा दिवस वाया घालवू शकते.

पहिली पायरी : ओळख पटविणे

वाटा राखायचा तर तो कोणासाठी हे स्विचला कळले पाहिजे. त्यासाठी पॅकेटवर खूण केली जाते. योगायोग असा, की नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आला आणि या खुणांचे महत्त्वाचे नियमही त्याच वर्षी ठरले. आयईईई या संस्थेच्या ८०२.१क्यू या मानकानुसार पॅकेटला जी चार बाइटची चिठ्ठी जोडली जाते, तिच्यातील तीन बिट प्राधान्य सांगण्यासाठी असतात. तीन बिटांत शून्य ते सात असे आठ दर्जे दाखविता येतात. डिसेंबर १९९८ मध्ये इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आयईटीएफने डीएससीपी ही सहा बिटांची दुसरी खूण निश्चित केली. तिच्यात ६४ दर्जे मावतात. बोलण्याच्या आवाजाच्या पॅकेटांवर सहसा यातील ४६ हा क्रमांक घातला जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक असते. ही खूण कोणताही संगणक स्वतःच स्वतःच्या पॅकेटवर घालू शकतो. सगळ्यांनीच आपल्याला अतिमहत्त्वाचे म्हणवून घेतले, तर प्राधान्याला अर्थ उरत नाही. म्हणून संगणकाकडून आलेल्या खुणेवर विश्वास न ठेवता ती पुसावी आणि पोर्ट किंवा सेवा पाहून स्विचने स्वतः नवी खूण घालावी, असा प्रघात आहे. ही विश्वासाची सीमा आखली नाही, तर पुढची सर्व मांडणी फुकट जाते.

दुसरी पायरी : रांगा आणि पाळ्या

खूण वाचल्यावर स्विच प्रत्येक पॅकेट त्याच्या दर्जाच्या रांगेत उभे करतो. बहुतेक स्विचमध्ये दर पोर्टला चार किंवा आठ रांगा असतात. या रांगांमधून कोणाला केव्हा सोडायचे, याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

पहिली पद्धत कडक प्राधान्याची. वरच्या रांगेत एकही पॅकेट असेल तोवर खालच्या रांगेला हात लावायचा नाही. रुग्णवाहिकेला वाट द्यावी तसा हा नियम आहे आणि आवाजासाठी तो योग्यही आहे. मात्र वरची रांग सतत भरलेली राहिली, तर खालच्या रांगा उपाशी राहतात. म्हणून अशा रांगेला वाहिनीच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा अधिक वाटा देऊ नये, असा जाणकारांचा जुना दंडक आहे.

दुसरी पद्धत भारित पाळीची. प्रत्येक रांगेला वजन ठरवून दिलेले असते आणि त्या प्रमाणात तिची पाळी येते. खानदेशातील वाचकांना ही कल्पना नवी वाटू नये. पांझरा आणि मोसम नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचे पाणी असेच पाळीपाळीने दिले जाई आणि पाटकरी त्यावर देखरेख ठेवी. पाट तेवढाच, पाणी तेवढेच. पाळी ठरलेली असल्याने पाटाच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्यालाही आपले पाणी केव्हा येणार याचा भरवसा असे. स्विचमधील पाळी ठरविणारा भाग हा या पाटकऱ्याचेच काम करतो.

साध्या पाळीत एक खोट होती. प्रत्येक पाळीला एक पॅकेट सोडायचे ठरविले, तर १,५०० बाइटची पॅकेटे पाठविणारा फायद्यात राहतो आणि १०० बाइटची पाठविणारा तोट्यात जातो. यावर स्वस्त आणि वेगवान उपाय १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी मांडला. वर्गीस हे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. त्यांच्या पद्धतीत दर पाळीला रांगेच्या खात्यावर ठरावीक बाइट जमा होतात. समोरचे पॅकेट त्यात बसत नसेल, तर शिल्लक पुढच्या पाळीसाठी जपली जाते. रांग रिकामी झाली, की तिची शिल्लक शून्य होते. ज्याला आज गरज नाही त्याला साठेबाजी करता येत नाही. फारशी आकडेमोड लागत नसल्याने ही पद्धत अतिवेगवान यंत्रांतही बसविता आली आणि आज ती किंवा तिच्यापासून निघालेल्या पद्धती जगभरातील असंख्य स्विच व राऊटरमध्ये वापरल्या जातात.

किमान हमी आणि कमाल मर्यादा

'राखीव' या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान होते. एक अर्थ किमान हमीचा. एखाद्या सेवेला २५ टक्के वाटा हमखास मिळेल. पण ती सेवा गप्प असेल तेव्हा तो वाटा इतरांना वापरता येईल. दुसरा अर्थ बंद कुलपाचा. वाटा वापरात असो वा नसो, दुसऱ्या कोणाला तो मिळणार नाही. एसटीतील राखीव आसनावर हक्काचा प्रवासी येईपर्यंत दुसऱ्याला बसू देणे हा पहिला प्रकार, आणि आसन रिकामे ठेवून लोकांना उभे करणे हा दुसरा. अरुंद वाहिनीवर पहिलाच प्रकार हितावह ठरतो. स्विचच्या मांडणीत हे दोन पर्याय वेगवेगळ्या नावांनी येतात आणि घाईत दुसराच निवडला जाण्याची शक्यता असते.

एका वाहिनीचा हिशेब

उदाहरणादाखल २ मेगाबिटची, म्हणजे २,००० किलोबिटची वाहिनी घेऊ. दृक्‌श्राव्य बैठकीचा ३८४ किलोबिटचा दुवा धरला, तर वरचा सरंजाम मिळून त्याला सुमारे ४६० किलोबिट लागतात. दूरध्वनीच्या आवाजाच्या जी.७११ या पद्धतीत एका संभाषणाला ८० किलोबिट, तर जी.७२९ या काटकसरीच्या पद्धतीत २४ किलोबिट लागतात. अशी चार काटकसरीची संभाषणे धरली, तर ९६ किलोबिट होतात. दोन्ही मिळून साधारण ५६० किलोबिट, म्हणजे २८ टक्के. हा वाटा कडक प्राधान्याच्या रांगेला द्यावा. तो एक तृतीयांशाच्या आत बसतो. जाळ्याच्या स्वतःच्या नियंत्रणासाठी ५ टक्के ठेवावेत. नागरिक समोर उभा असताना होणाऱ्या व्यवहारांना, मग ती पडताळणी असो की दाखल्याची नोंद, २५ टक्के म्हणजे ५०० किलोबिटची किमान हमी द्यावी. उरलेले ४२ टक्के टपाल, फायली आणि संकेतस्थळे यांच्यासाठी.

आता नागरिकांच्या वाट्याकडे पाहू. एका पडताळणीला ५ किलोबाइट, म्हणजे ४० किलोबिट लागतात असे गृहीत धरले, तर ५०० किलोबिटमध्ये सेकंदाला १२ पडताळण्या होतात. या वाट्याचा दहावा भाग दिला, तरी सेकंदाला एक पडताळणी पार पडते. नागरिकाच्या कामाला मोठा वाटा लागतच नाही. त्याला छोटा, पण हमखास वाटा लागतो. तो न दिल्यामुळे वाचणारी बँडविड्थ नगण्य असते आणि वाया जाणारा माणसाचा दिवस मात्र पूर्ण असतो.

या मांडणीत एक चूक फार वेळा होते. स्विचपासून राऊटरपर्यंतची तार १०० मेगाबिटची आणि राऊटरपासून पुढची वाहिनी २ मेगाबिटची असेल, तर रांग स्विचवर लागतच नाही, ती राऊटरवर लागते. अशा वेळी स्विचवर कितीही नेटके आरक्षण केले, तरी त्याचा उपयोग शून्य. रांग जिथे वाट अरुंद होते तिथेच लागते आणि वाटणीही तिथेच करावी लागते. राऊटरवर ती सोय नसेल, तर स्विचच्या त्या पोर्टचा वेग मुद्दाम वाहिनीपेक्षा किंचित कमी बांधून घ्यावा. मग रांग स्विचवर येते आणि वाटणी आपल्या हाती राहते.

प्रगत सुविधांचा छुपा खर्च

आतापर्यंत वाहतुकीच्या वाट्यांचा विचार झाला. स्विचमधील काही प्रगत सुविधा स्वतःच पोर्टची क्षमता खातात आणि त्यांच्यासाठीही वाटा आधीच बाजूला काढावा लागतो. खरेदीच्या वेळी हा खर्च क्वचितच सांगितला जातो.

पहिले उदाहरण प्रतिबिंबनाचे. सुरक्षेसाठी किंवा तपासासाठी एका पोर्टवरील सर्व वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठविता येते. १ गिगाबिटच्या पोर्टवर येणारी आणि जाणारी अशी दोन्ही दिशांची वाहतूक पूर्ण भरात असेल, तर नक्कल २ गिगाबिटची होते. नक्कल घेणारा पोर्ट १ गिगाबिटचाच असेल, तर निम्मी पॅकेटे गळून पडतात आणि तपास करणारा अपुऱ्या पुराव्यावर निष्कर्ष काढतो. ही नक्कल दूरच्या कार्यालयात पाठवायची असेल, तर ती मूळ वाहतुकीच्याच वाहिनीवरून जाते आणि कामकाजाचा वाटा खाते. तिला सर्वांत खालच्या रांगेत ठेवून तिच्यावर कमाल मर्यादा घालणे श्रेयस्कर.

दुसरे उदाहरण आच्छादित जाळ्याचे. जुन्या पद्धतीत एका जाळ्याचे जास्तीत जास्त ४,०९४ आभासी विभाग करता येत. मोठ्या माहिती केंद्रांना ते अपुरे पडू लागल्यावर व्हीएक्सलॅन ही पद्धत पुढे आली. तिचा आराखडा ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिच्यात सुमारे १ कोटी ६७ लाख विभागांची सोय आहे. यासाठी प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पॅकेटात घातले जाते. या वेष्टनाचे वजन ५० बाइट. १,५०० बाइटच्या पॅकेटला ते जाणवत नाही. २०० बाइटच्या आवाजाच्या पॅकेटवर मात्र चौथा हिस्सा वजन वाढते. वेष्टनासह पॅकेट मावावे म्हणून वाटेतील सर्व यंत्रांवर मोठ्या आकाराची परवानगीही द्यावी लागते.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी परिचयाचे. स्विचच्या आत पॅकेट एका ठरलेल्या मार्गाने जाते. पत्ता वाचणे, नियम लावणे, खूण बदलणे, रांगेत ठेवणे ही कामे एकापाठोपाठ होतात. काही कामे या एका फेरीत पूर्ण होत नाहीत. ब्रॉडकॉम कंपनीच्या ट्रायडेंट-२ या चिपमध्ये व्हीएक्सलॅनचे वेष्टन काढून त्याच फेरीत आतील पॅकेटचा नवा मार्ग ठरविण्याची सोय नव्हती. नंतरच्या पिढ्यांत ती आली. अशा जुन्या चिपवर पॅकेटला दुसऱ्यांदा आत पाठवावे लागे. त्यासाठी काही पोर्ट बाहेरच्या तारेशी न जोडता आतल्या आत वळवून घेतले जात. त्या पोर्टची बँडविड्थ पूर्णपणे या सुविधेसाठी राखीव असे आणि तेवढे पोर्ट इतर कामाला मिळत नसत.

येथे हिशेब चुकला तर दोष शोधणे कठीण होते. समजा, १० गिगाबिटचे चार पोर्ट असे वळवून ठेवले. मग दुसऱ्या फेरीसाठी एकूण ४० गिगाबिटचीच जागा आहे. दुसरी फेरी लागणारी वाहतूक ५० गिगाबिटवर गेली, की १० गिगाबिटची पॅकेटे गळू लागतात. दर्शनी पोर्ट मात्र त्या वेळी अर्धे रिकामे दिसत असतात. जो अधिकारी केवळ बाहेरच्या पोर्टचे आलेख पाहतो, त्याला सर्व काही ठीक वाटते. म्हणून सुविधा सुरू करण्याआधी किती वाहतुकीला दुसरी फेरी लागेल, याचा अंदाज घेऊन तेवढी बँडविड्थ राखणे आणि आतल्या पोर्टची गळती नियमित तपासणे, हे दोन्ही आवश्यक ठरते.

कडक आरक्षणाचे मानक

ध्वनिमुद्रण केंद्रे आणि रंगमंचावरील ध्वनियोजना यांत एक मिलिसेकंदाची गफलतही कानाला खटकते. त्यांच्यासाठी आयईईईने २००९ आणि २०१० मध्ये दोन मानके आणली. त्यानुसार आवाजाचा प्रवाह सुरू होण्यापूर्वीच तो वाटेतील प्रत्येक स्विचकडे जागा मागतो. सर्वांनी होकार दिला तरच प्रवाह सुरू होतो. एकाकडेही जागा नसेल, तर नकार मिळतो. या मानकात राखीव वाहतुकीची मर्यादा मुळात पोर्टच्या ७५ टक्क्यांवर ठेवलेली आहे. उरलेले २५ टक्के सर्वसाधारण वाहतुकीसाठी मोकळे राहावेत, याची काळजी कठोर मानकानेही घेतली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गावापर्यंतची वाटणी

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याच्या पुढाकाराने 'महानेट' या नावाने हाती घेण्यात आले. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत १०० मेगाबिट पोहोचविण्याचे मूळ उद्दिष्ट होते. त्यासाठी निवडलेल्या जीपॉन तंत्रात एकाच तंतूवर अनेक गावे जोडलेली असतात. गावाकडे येणाऱ्या दिशेला सुमारे २.५ गिगाबिट आणि गावाकडून जाणाऱ्या दिशेला सुमारे १.२५ गिगाबिट सर्वांत मिळून वाटले जातात.

ही वाटणी तंत्राच्या मुळातच आहे. गावाच्या यंत्राने मनाला येईल तेव्हा बोलायचे नाही; मध्यवर्ती यंत्राने पाळी दिली की बोलायचे. त्यात ठाम, हमीचा, हमीबाहेरचा आणि 'उरेल ते' असे वाटे ठरविता येतात. एखाद्या ग्रामपंचायतीच्या पोर्टला केवळ 'उरेल ते' या वर्गात टाकले, तर कागदावर १०० मेगाबिट असूनही गर्दीच्या वेळी तिला काय मिळेल, याची शाश्वती राहत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमास मंजुरी दिली. त्यात तंतू वर्तुळाकार जोडण्यावर भर आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक वळते. वळलेली वाहतूक सामावण्यासाठीही दुसऱ्या बाजूच्या पोर्टवर जागा राखावी लागते. दोन्ही बाजू नेहमीच तुडुंब भरलेल्या असतील, तर वर्तुळाचा फायदा ऐन गरजेच्या वेळी मिळत नाही.

आरक्षणाच्या मर्यादा

आरक्षणाने वाहिनी रुंद होत नाही. मागणी दिवसभर क्षमतेच्या वर राहत असेल, तर वाहिनी वाढविण्याला पर्याय नाही. आरक्षण उपयोगी पडते ते घटकाभर येणाऱ्या गर्दीत, कोणी थांबायचे हे ठरविण्यासाठी.

दुसरी मर्यादा हद्दीची. कार्यालयाने घातलेली खूण सार्वजनिक इंटरनेटवर मानली जाईल, याची खात्री नसते. रास्त भाव दुकानांतील यंत्रे बहुतांशी सिमकार्डवर चालतात. तेथील वाटप मोबाइल कंपनीच्या हाती असते. सार्वजनिक जाळ्यावर कोणाला पुढे आणि कोणाला मागे ठेवायचे, याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मोकाट असू नये, यासाठी केंद्राने जुलै २०१८ मध्ये इंटरनेट समानतेची तत्त्वे स्वीकारली. वाहतुकीचे वाजवी नियोजन आणि काही विशेष सेवा यांना त्यात अपवाद ठेवण्यात आला आहे. खासगी आणि शासकीय जाळ्यांच्या अंतर्गत भागात मात्र वाटणीचा निर्णय त्या जाळ्याच्या चालकाचाच असतो.

विचारावेत असे प्रश्न

कोणत्याही कार्यालयाच्या, रुग्णालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रमुखाने आपले जाळे सांभाळणाऱ्याला पुढील प्रश्न विचारण्यास हरकत नाही. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

१. आपली वाट सर्वांत अरुंद कोठे होते आणि वाटणी तिथेच केली आहे काय?

२. कोणत्या सेवेला किती टक्के वाटा आहे, तो किमान हमीचा आहे की बंद कुलपाचा?

३. संगणकाने स्वतः घातलेल्या खुणेवर आपला स्विच विश्वास ठेवतो काय?

४. कडक प्राधान्याच्या रांगेला कमाल मर्यादा आहे काय?

५. प्रतिबिंबन, आच्छादित जाळे अशा कोणत्या सुविधा चालू आहेत आणि त्यांच्यासाठी किती पोर्ट किंवा बँडविड्थ बाजूला काढली आहे?

६. प्रत्येक रांगेत किती पॅकेटे गळाली, याची नोंद कोण पाहतो आणि केव्हा पाहतो?

७. हे सर्व कोठे लिहून ठेवले आहे काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. वाटणी बहुधा यंत्र बसविण्यास आलेला तंत्रज्ञ करतो, किंवा कोणीच करीत नाही आणि कारखान्यातून आलेली मांडणी तशीच राहते. वाटणी न करणे हीसुद्धा एक वाटणीच असते. तीत सर्वांत मोठी फाईल पाठविणारा जिंकतो आणि अंगठा टेकवून उभा असलेला माणूस हरतो. नंदुरबार हा जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आरोग्य, शिक्षण आणि रास्त धान्य या तिन्हींची अधिकाधिक कामे आता तारेवरून किंवा लहरींवरून चालतात. डोंगर उतरून तालुक्याला आलेल्या माणसाला परतीची शेवटची गाडी गाठायची असते. त्याच्या कामाला लागणारे ५० किलोबिट कोणत्या पोर्टवर, कोणी राखले आहेत, हे कार्यालयाच्या दप्तरी लिहिलेले असावे. पाटकऱ्याच्या पाळ्या साऱ्या गावाला ठाऊक असत. स्विचच्या पाळ्या निदान कार्यालयाच्या प्रमुखाला तरी ठाऊक असाव्यात.